खोडलेले चौदा

लाज म्हणजे काय, ते मला त्या सभेत कळलं.

मुशी ही शार्कच, तिचं वय तिच्या मणक्यात असतं. मणका पातळ कापायचा, भिंगाखाली धरायचा आणि आतली गोल कडी मोजायची, वर्षाला एक कडं. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकींचे आकडे बघायचे नाहीत, हा नियम. दोघी म्हणजे संशोधन केंद्रातल्या ओफेलियाबाई आणि त्यांची मदतनीस मी, यादिरा, याच वाडीतल्या कोळ्याची पोर.

म्हाताऱ्या डॉन क्रेसेन्सिओनं जाळ्यात मेलेली एक मादी आणली. तिच्या पाठीच्या परावर खाच होती.

"माझीच खाच ही! माझी बायको नीवेस गेली त्या वर्षी या पिल्लाला खूण करून खारफुटीच्या खाजणात सोडलं होतं. चौदा वर्षं झाली गं पोरी."

मी कडी मोजली. काही पुसट होती, पण भरली चौदा. मग काय अवदसा आठवली कोण जाणे, बाईंच्या वहीत डोकावले. तिथे सात! बाई वीस वर्षं मोजतायत, मी कोण लागून गेले? चौदा खोडून सात लिहिले.

सभेला सोसायटीच्या मांडवात सगळे मक्याच्या कुरकुरीत तोस्तादा खात बसले होते. बाई म्हणाल्या, "दोघींचे आकडे जुळतात, सात. मुशी लवकर वाढते, घटली तरी लवकर भरून येते."

"मग पिल्लांसाठी बंद ठेवलेलं खाजण मासेमारीला उघडा!" तरुण कोळी ओरडले. "किती दिवस जाळी वाळत घालायची?"

खाजण बंदच ठेवा म्हणून आजवर भांडला तो एकटा डॉन क्रेसेन्सिओ. तो उठला, टोपी काढली.

"माझंच चुकलं. आपल्या यादिरानं मोजलंय, ती खोटं कशाला लिहील? ही मुशी दुसरीच असणार. खाच दिसली की इतकी वर्षं उगाच हिला नीवेसची मुशी म्हणत आलो."

"आजोबा, मुशीशी दुसरं लग्न लावलं होतं काय?" कुणीतरी म्हणालं. मांडव हसला. तोही कसनुसा हसला.

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मी उभी राहिले.

"चौदाच आहेत, आजोबा. मी बरोबर मोजले होते. बाईंचं बघून खोडले."

बाईंनी मान खाली घातली. म्हाताऱ्यानं सावकाश टोपी चढवली.

"मोठ्यानं बोल पोरी," तो म्हणाला. "मागे हसणाऱ्यांना ऐकू गेलं नाही."

मी पुन्हा सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. या खेपेला रडू आवरलं नाही.