वेनराइटांचं घराणं

आमच्या हेमचंद्रांना माणसाआधी त्याचं घराणं दिसतं. हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात तीस वर्षं इंजिनिअर होते, रिटायर झाले, पण खोड गेली नाही. "आम्ही सरपोतदार, नाणी पारखणारं घराणं," हे मी लग्नापासून, म्हणजे छत्तीस वर्षं, ऐकते आहे.

त्यामुळे लेकीने, अस्मिताने, डॅनियल वेनराइटचं नाव सांगितलं तेव्हा स्वारी म्हणाली, "मुलगा चांगला आहे. पण घराण्याची चौकशी झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"बाबा, इट्स टू थाउजंड एट," अस्मिता म्हणाली. डोळे मात्र भरले होते. बापाच्या होकाराशिवाय तिला लग्न करायचं नव्हतं.

आता इथे परक्या देशात चौकशी करणार कुणाकडे? ना कुणाचा मामा ओळखीचा, ना कुणाची मावशी. हे लायब्ररीत जाऊन बसले आणि तीन आठवड्यांनी फुलून परतले. जुन्या इंग्रजीत वेन म्हणजे गाडा, राइट म्हणजे कारागीर. "गाडे घडवणारे लोक, अरुणा. शेकडो वर्षांचं नाव. म्हणजे आम्हा इंजिनिअरांच्याच धंद्यातले." होकार अगदी ओठांवर आला होता. फक्त डॅनियलच्या आजोबांकडून खात्री करून घ्यायची होती.

रविवारी आजोबा जेवायला आले. वॉल्टर, वय ब्याऐंशी. पानं वाढायच्या आतच यांनी टेबलावर नावाच्या इतिहासाचा तक्ता पसरला. वॉल्टरनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण हे आमचं नाही. माझे वडील आठ वर्षांचे असताना इंग्लंडच्या अनाथाश्रमातून बोटीने इथे आले. ज्यांच्या शेतावर कामाला ठेवलं, ते वेनराइट. त्यांनी पुढे आपलं नाव दिलं. आधीचं नाव वडिलांनी कधी सांगितलं नाही."

डॅनियल खाली बघत राहिला. अस्मिताचा चेहरा पांढरा पडला. मला यांचा असा राग आला की पुरणपोळ्यांचं ताट उचलून परत आत न्यावंसं वाटलं.

हेमचंद्रांनी तक्त्याची हळूहळू गुंडाळी केली.

"माझे आजोबा दत्तक होते," ते एकदम म्हणाले. "सहा वर्षांचे असताना सरपोतदारांनी कोकणातल्या एका गरीब घरातून आणलेले. मूळ आडनाव आम्हालाही कुणी सांगितलं नाही." मग डॅनियलकडे वळून म्हणाले, "तारीख कधीची धरायची?"

अस्मिता उठून त्यांच्या गळ्यातच पडली. वॉल्टरनी टेबलापलीकडून हात पुढे केला आणि यांनी तो दोन्ही हातांत धरला.

छत्तीस वर्षांत यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी चिडलेच होते, खोटं कशाला सांगू? पण वाढताना यांच्या पोळीवर तुपाची धार धरली, ती काही केल्या आवरती घेववेना.