पाणथळीची मोजणी

रावेतच्या पाणथळीत यशोदाबाई तीस वर्षं गवत कापत आल्या. हाकलायला येणाऱ्यांशी त्या भांडत, पण कुणाला बघून लपायची वेळ आली ती यंदाच. वाटेच्या तोंडाशी ज्योतीराम नावाचा माणूस खुर्ची टाकून बसायला लागला. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर वही. फिरायला येणारे, पक्ष्यांचे फोटो काढणारे, गळ टाकणारे, येईल त्याला लिहून घ्यायचा.

झालं! हा दंड करणारा, असं यशोदाबाईंनी ठरवूनच टाकलं. त्या नाल्याकडून आत शिरू लागल्या आणि बरोबरच्या गिरजाबाई, शालनबाई अशा सगळ्या बायकांनाही तिकडूनच नेऊ लागल्या. डोक्यावर भारा, गुडघाभर चिखल, आणि वर ऐट अशी की कसं बनवलं त्याला!

पंधराव्या दिवशी ज्योतीराम थेट गोठ्याच्या दारात. यशोदाबाईंनी विळा पाठीमागे दडवला. तो मात्र निवांत उकिडवा बसला. आपण परभणीकडचे, कंपनी सुटल्यावर हे मोजणीचं काम धरलं, म्हणाला. पाणथळीला कुंपण पडणार होतं, आणि लोक कुठून येतात, काय करतात ते बघून त्यात वाटा ठेवायच्या होत्या. कापलेलं गवत त्याला रोज दिसत होतं, कापणारं कुणी दिसेना. म्हणून विचारत विचारत आला होता.

"मावशी, वहीत तुम्ही नाहीतच. मग तुमच्यासाठी दार कोण ठेवील? मोजणीचे आठच दिवस राहिलेत."

यशोदाबाईंनी गोठ्यातल्या म्हशींकडे पाहिलं. घर चालायचं ते दोन म्हशींवर, आणि म्हशी जगायच्या त्या गवतावर. आपल्याच शहाणपणानं आपण वाट बुजवायला निघालो होतो, या विचारानं त्यांना स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवसापासून अकरा बायका विळे घेऊन खुर्चीसमोरून जाऊ लागल्या. ज्योतीरामनं एकेकीला विचारून सगळं लिहिलं.

दिवाळीनंतर कुंपण झालं. त्याला दार होतं, डोक्यावरच्या भाऱ्यासकट सरळ बाहेर पडता येईल एवढं रुंद. ज्योतीरामची खुर्ची मात्र तोवर तळवड्याला, इंद्रायणीकाठी गेली होती. म्हैस व्याली तशी यशोदाबाई चिकाचा डबा घेऊन बसनं तिकडे गेल्या. एवढ्यासाठी एवढ्या लांब कशाला आलात, असं तो संकोचून म्हणाला.

त्यांनी डबा त्याच्या हातात दिला. डोळे भरून आले होते, ते काही त्यांनी लपवले नाहीत.

"आमाला हाकलाया लई जण आले, बाबा. आमाला हुडकत आलेला तू पैलाच."