अप्पांच्या साठीची डिस्क

टीव्हीवर पुन्हा ‘नो डिस्क’ आलं तेव्हा अंबिकाने प्लेयरवर हात आपटला. तिची अव्वा, म्हणजे आई पार्वतम्मा, पलंगावरून टीव्हीकडे डोळे लावून होती. सकाळपासून ती ठेवणीतलं इरकल नेसून तयार बसली होती.

गुडघे गेल्यापासून अव्वा उदगीरला लेकीकडेच राहत होती. आपल्या नवऱ्याच्या, गुंडप्पांच्या साठीचा कार्यक्रम तिला एकदा बघायचा होता. अप्पा आता नव्हते, आणि त्या कार्यक्रमाची जुनी व्हिडिओ कॅसेट लातूरला अंबिकाच्या भावाकडे, श्रीशैलकडे होती. खूप मागं लागल्यावर त्याने तिची डिस्क करून पाठवली होती.

अंबिकाचा नवरा बालाजी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. त्याने डिस्क मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. प्लेयरची लेन्स साफ केली. मग एका जुन्या सिनेमाची डिस्क घातली, ती लगेच सुरू झाली.

“प्लेयरला काही झालं न्हाई,” तो म्हणाला. “ह्या डिस्कमधेच काहीतरी हाय.”

अंबिकाने स्पीकर लावून भावाला फोन केला.

“माझ्याकडं झकास चालतीय,” श्रीशैल म्हणाला. “तुमचा प्लेयर भंगारात द्या. मोटारी गुंडाळणाऱ्याला काय कळतंय त्यातलं?”

बालाजीने ऐकलं आणि मान खाली घालून प्लेयरचे स्क्रू आवळत बसला. अंबिकाची कानशिलं तापली. तिने लिंगायतांच्या बाहेर, मराठ्याच्या मुलाशी लग्न केलं तेव्हापासून श्रीशैलने एकदाही त्याला नावाने हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डिस्क पर्समध्ये टाकून ती लातूरच्या बसमध्ये बसली.

श्रीशैलने डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली आणि चित्र सुरू झालं. “बघ. उगाच बोंब मारत आलीस.”

हार घातलेले अप्पा हसत होते. पाहुणे येत होते, पाया पडत होते. आणि एकदम जेवणाच्या पंगती सुरू झाल्या.

“थांब. मागं घे,” अंबिका म्हणाली. त्याने मागं घेतलं. पुन्हा तेच.

“अप्पांनी ह्यांना स्टेजवर बोलावलं होतं. हाताला धरून शेजारी बसवलं, शेला घातला. सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणाले, हा माझा जावाई. ते कुठं हाय?”

“लई लांब होतं. स्टुडिओवाल्याला कमी करायला सांगितलं.”

“मी अप्पांना ओवाळलेलं? तेबी लांब होतं?”

श्रीशैलने आवाज खाली आणला. “पोरीचं लग्न ठरलंय. अक्षराच्या सासरच्यांना दाखवायचं होतं. त्यांच्यात असलं चालत न्हाई. समजून घे जरा.”

“लग्न झाल्यापास्नं तेच करायलेय. कॅसेट दे.”

“ती ह्या घरातली वस्तू हाय.”

“अव्वाबी ह्याच घरातली होती.”

इतका वेळ दारात उभी असलेली वहिनी आत गेली, कपाटातून कॅसेट घेऊन आली आणि तिने ती अंबिकाच्या हातात दिली. “न्या, ताई.”

“कुणाला विचारून देतीस?” श्रीशैल ओरडला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

उदगीरच्या सिद्धलिंग स्टुडिओवाल्याकडे जुन्या कॅसेटचं यंत्र अजून चालू होतं. लातूरच्या डिस्कवर नुसती फाईल कॉपी केली होती, ती जुन्या प्लेयरला वाचता येत नव्हती. त्याने पूर्ण कॅसेटची नीट डीव्हीडी करून दिली.

ती चालली. अप्पांनी बालाजीला स्टेजवर ओढलं, तसं अव्वाने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग परत एकदा. बालाजी तोंड धुवायच्या निमित्ताने उठून बाहेर गेला.

“शिरीच्या डिस्कमधे हे न्हवतं?” अव्वाने विचारलं.

सांगायचं नाही असं अंबिकाने ठरवलं होतं. पण राग आवरला नाही, तिने सगळं सांगितलं.

“फोन लाव त्याला.”

श्रीशैलने उचलल्यावर अव्वा शांतपणे म्हणाली, “शिरी, अक्षराच्या लग्नाला मी बालाजीच्या हाताला धरून येणार. तेबी काप.” पुढचं न ऐकता तिने फोन लेकीच्या हातात दिला.

लग्नाला ती तशीच गेली. लातूरच्या मंगल कार्यालयाच्या दारात श्रीशैल पाहुण्यांचं स्वागत करत होता. “ये अव्वा, ये अंबिका,” तो म्हणाला. अव्वा बालाजीचा दंड धरून दारातच उभी राहिली. मागं व्याह्यांकडची माणसं खोळंबली.

“जावाई हाय सोबत,” ती म्हणाली.

श्रीशैलच्या कपाळावर घाम आला. “या, बालाजीराव,” तो पुटपुटला.

अव्वा आत गेली. बालाजीने त्याला नमस्कार केला. अंबिकाने केला नाही. ती त्याच्या शेजारून सरळ अक्षराकडे गेली, आणि मांडवात दिवसभर भावाशी एक शब्द बोलली नाही.