ताई बोलेल ते माप

आमच्या शिवणकामाच्या दुकानात वीस वर्षं एकच रीत: ताई टेप लावून माप बोलणार, मी वहीत लिहिणार. तिनं छत्तीस म्हटलं की छत्तीस. थोरल्या बहिणीच्या शब्दापुढे जायची माझी छाती नव्हती.

तिच्या कॅन्सरच्या गोळ्या सुरू झाल्या तशी दवाखान्यातून आणखी एक वही आली. गोळ्या कधी घेतल्या, उलट्या किती, जुलाब किती, ते रोज लिहायचं. तीही मीच लिहायचो, ती बोलेल तसं.

"जुलाब दोन," त्या संध्याकाळी ताई बोलली.

मी निमूट लिहिलं. पण सकाळपासून इस्त्री फिरवताना मागचं संडासाचं दार नऊ वेळा वाजलेलं मी ऐकलं होतं. तिचे ओठ सुकले होते, उठताना ती मशीनचा आधार घेत होती. आणि ताटाशेजारी संध्याकाळच्या तीन गोळ्या काढून ठेवल्या होत्या.

मागच्या महिन्यात गोळ्यांमुळे तळहात सोलले तेव्हा तिनं खरं सांगितलं होतं. डॉक्टरांनी आठवडाभर गोळ्या थांबवल्या, आणि तो आठवडा तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून बाईसाहेब खोटं बोलायला शिकल्या, तेही या वयात.

फोन वाजला. दवाखान्यातल्या सिस्टरची आठवड्याची चौकशी. ताईनं स्पीकर लावला. "सगळं ठणठणीत. जुलाब दोनच."

"नक्की ना? रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त झाले तरी गोळी घ्यायची नाही, लगेच कळवायचं."

ताईनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि गोळ्या उचलल्या.

"नऊ!" मी ओरडलो. "सिस्टर, नऊ वेळा. तिला उभंही राहवत नाहीये, आणि गोळ्या हातात घेतल्यात."

"गोळ्या खाली ठेवा. आत्ताच्या आत्ता घेऊन या त्यांना."

"घरभेदी मेला!" ताईनं मूठ मिटली. "गोळी थांबली की मी संपले, कळतं का तुला?"

"कळतं! पण खोट्या मापावर कापड बेततात का? कानाखाली वाजवून तूच शिकवलंस ना?" तिच्या मुठीतून मी गोळ्या काढून घेतल्या. मुठीत जोरच नव्हता.

चार दिवस सलाईन चढत होतं. अजून दोन दिवस गोळ्या घेतल्या असत्या तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले. ताई माझ्याशी अवाक्षर बोलली नाही.

तीन आठवड्यांनी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, तीनच्या जागी दोन. पहिल्या संध्याकाळी मी सवयीनं वही उघडली. ताईनं ती ओढून घेतली, पेन्सिलही. सोललेल्या बोटांत धड धरता येईना, तरी धरली.

"तू बोल," ती मान खाली घालून म्हणाली. "मी लिहिते."