लायलचा ओढता पाय

या मायबापहो, जवळ सरका. न्यूयॉर्कच्या मिर्नाची गोष्ट सांगतो. तिने तरुणपणी बसवलेला नाच म्हणजे नुसतं चालणं. म्हातारपणी संग्रहालयाने त्याचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा जुनी फिल्म बघून मुलं तोच नाच करू लागली. एक पोरगी उजवा पाय ओढत चालली होती.

“अगं, हे लंगडणं कुठून आणलंस?” मिर्नाने विचारलं.

“फिल्ममध्ये लायल असेच चालतात. बघा की नीट, आजी!”

लायल मिर्नाचा नवरा. फिल्म काढली त्या दिवशी पाय मुरगळला असूनही तो नाचला होता. पुढे देवाने त्याला तरुणपणीच नेलं.

चूक सांगायला मिर्नाने तोंड उघडलं. पण लायलचं चालणं आता या पोरीच्या एवढ्या एका पायातच उरलं होतं.

“बरोबर आहे, बाळा,” ती डोळे पुसत म्हणाली. “आणखी जरा ओढ.”

मायबापहो, लायलची आठवण असू द्या.