सुवर्णाच्या नावावरचं घर

सुवर्णा बावीस माणसांच्या भाताची पेज काढत होती, तेव्हाच नवऱ्यानं, योगराजनं, अर्ज तिच्या नाकासमोर धरला. गल्लीतल्या परप्रांतीयांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बंद करा, असं महापालिकेला लिहिलेलं. प्रत्येक घरमालकाची सही हवी होती, आणि घर होतं सुवर्णाच्या नावावर. बाईच्या नावावर घेतलं की दस्ताचा खर्च वाचतो म्हणून यानंच तेव्हा हट्ट धरला होता. आता भोगा म्हणावं!

आता यात आपलीही खाणावळ आली, हे त्या शहाण्याला कळत नव्हतं असं नाही. पण राग डोक्यात बसला की माणसाला समोरचं ताट दिसत नाही. सचिन गावातल्या कापडाच्या कारखान्यात त्यानं अठरा वर्षं माग चालवले. मग शेठनं ओडिशाहून माणसं आणली. योगराज सहा माग सांभाळायचा, ती एकेक जण बारा सांभाळायला तयार झाली, आणि याला घरी बसवलं. तेव्हा सुवर्णानंही त्या लोकांच्या नावानं बोटं मोडली होती. पण बोटं मोडून चूल पेटते का? त्याच लोकांना दुपारी डाळभात मिळेना, म्हणून तिनं खाणावळ काढली. दोन वर्षं घर त्यावर चाललं होतं. लेकीचं, वर्षाचं, नर्सिंगचं शिक्षणही त्यावरच. आणि हा गडी त्याच पातेल्यातलं जेवून, ढेकर देऊन, नाक्यावर सह्या गोळा करायला जायचा. सुवर्णाचं डोकं भणभणायचं.

ती म्हणाली, खाणावळ बंद झाली तर पोरीची फी कोण भरणार? योगराज म्हणाला, हे लोक गेले की शेठ मला झक मारत परत बोलावेल. इतकं सरळ होतं त्याचं गणित. पंगत उठेपर्यंत थांबा, एवढंच ती बोलली आणि आमटीला फोडणी दिली.

पंगत जेवली. शेवटी गोपाल उठला. योगराजचे सहा माग आता यालाच मिळाले होते. हे सुवर्णाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, तरी ती त्याला वाढत आली होती. ताट धुता धुता तो मोडक्या हिंदीत म्हणाला, भाभी, एक तारखेपासून आमचा स्वयंपाक धरू नका. शेठनं जुने माग भंगारात काढले. नवीन मशिनी येताहेत, चाळीस मशिनींवर एक माणूस पुरतो. काही जण इच्छापोरला ठेकेदाराकडे जातील, बाकीचे गावी.

योगराज दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

सुवर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. शेठवर चिडावं, याच्यावर चिडावं की स्वतःवर, तिला कळेना. तिनं पदराला हात पुसले, पेन ओढून घेतलं आणि अर्जावर ठसठशीत सही केली.

"घ्या. या देऊन महापालिकेत."

योगराजनं कागद घेतला नाही. तो रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिला.

"मंग आपलं कसं व्हई?" त्यानं विचारलं.

हाच प्रश्न सुवर्णा दोन वर्षं एकटी स्वतःला विचारत आली होती. तिनं अर्ज त्याच्या मुठीत कोंबला आणि ती भांडी घासायला बसली.