बाईंचं स्वच्छ रक्त

बाईंचा सकाळपासून पाय एका जागी ठरत नव्हता. प्रयोगशाळेतून जिन्यात, जिन्यातून परत आत, मध्येच उगाच हात धुवायला.

पोटातल्या जंतांना शरीर कसं तोंड देतं, यावर या प्राध्यापिकाबाई अकरा वर्षं संशोधन करत होत्या. रुग्णांच्या रक्ताशी ताडून बघायला एक रक्त असं लागे, ज्याचा जंतांशी कधी संबंधच आलेला नाही. ते रक्त बाईंचं स्वतःचं. दर महिन्याला बाही वर केली की काम भागायचं. दुसरं माणूस शोधायचा व्याप कोण करणार? काल मात्र त्यांच्या विद्यार्थिनीने नवी, जास्त बारीक चाचणी लावली आणि बाईंच्या पेशींनी जंतांचा अर्क पूर्वी गाठ पडल्यासारखा झटकन ओळखला.

"मी तीनदा करून पाहिलं, मॅडम," ती खाली मान घालून म्हणाली होती.

म्हणजे अकरा वर्षांचे सगळे निष्कर्ष ज्या रक्ताच्या भरवशावर छापले, तेच चुकीचं? बाईंनी जिन्यातूनच आईला फोन लावला.

"आई, मला लहानपणी जंत झाले होते का?"

"काहीतरीच काय? आपल्या घरात? दिवसातून दोनदा फरशी पुसायचे मी."

"हो गं. पण झाले होते का?"

आईने गुडघेदुखी काढली, शेजारीण काढली. बाई हटल्या नाहीत. शेवटी आई कावली.

"झाले होते. चार वर्षांची होतीस, माती खायचीस. तुझ्या आजीला कळलं असतं तर म्हणाली असती, हिला एक पोर सांभाळता येत नाही. गुपचूप औषध पाजलं. तुझ्या बाबांनाही बोलले नाही."

बाईंना आईवर चिडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने? रक्त देणाऱ्याच्या फॉर्मवर 'पूर्वी जंत झाले होते का?' या प्रश्नापुढे त्यांनी स्वतःच 'नाही' लिहिलं होतं. रुग्णांकडून तोच फॉर्म भरून घेताना मात्र त्या बजावायच्या, घरी विचारून या. जंत आपल्या घरातही असतील, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"आई, मला हे छापून कळवावं लागेल."

"सगळ्यांना?" आईचा आवाज एकदम बारीक झाला. "लोक म्हणतील, कसली ही आई."

"तुझं नावही कुणी काढणार नाही. लोक म्हणतील, बाईंनी अकरा वर्षांत घरी एक फोन का केला नाही."